वाचकांचे प्रश्न : उतारावरचा छोटा ट्रॅक्टर

प्रश्न : माझी जमीन पन्हाळा तालुक्यात आहे. खालच्या रानात ऊस आहे आणि वर डोंगरउताराला भुईमूग व नाचणी आहे. उसाच्या आंतरमशागतीसाठी मी २० अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला छोटा ट्रॅक्टर घेतला. आता तोच वरच्या रानात नेतो. परंतु उताराला आडवे चालताना तो खालच्या बाजूला कलतो आणि भीती वाटते. कोणी सांगतात, टायरमध्ये पाणी भरा. कोणी म्हणतात, पुढे वेट लावा. एकाने तर मडगार्डवर वाळूची पोती ठेवण्याचा सल्ला दिला. ट्रॅक्टर हलका आहे म्हणून कलतो, हे खरे आहे का? नेमके काय करावे?

उत्तर : ट्रॅक्टर हलका असल्यामुळे कलतो हा समज सर्वत्र आढळतो, पण तो खरा नाही. उतारावर आडवा उभा असलेला ट्रॅक्टर कोणत्या कोनात उलटेल हे दोनच गोष्टींवर ठरते : दोन चाकांमधले अंतर किती आहे आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरता येते तो बिंदू, जमिनीपासून किती उंचीवर आहे. ट्रॅक्टरचे वजन दुप्पट केले, पण ते त्याच उंचीवर राहिले, तर उलटण्याच्या कोनात काडीचाही फरक पडत नाही. म्हणून वजन किती वाढवले यापेक्षा ते कुठे ठेवले हे पाहावे लागते. मडगार्डवरची पोती गुरुत्वमध्य वर नेतात, म्हणजे तो सल्ला पाळला तर ट्रॅक्टर आधीपेक्षा लवकर उलटेल.

आपल्या ट्रॅक्टरचे आकडे आपण दिलेले नाहीत, म्हणून या आकाराच्या यंत्राला साजेसे आकडे घेऊन हिशेब मांडतो. मागच्या दोन चाकांच्या मध्यरेषांमधले अंतर ९० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर धरू. सपाट सिमेंटच्या उतारावर, स्थिर उभा असताना, असा ट्रॅक्टर कागदावर सुमारे ३७ अंशांना उलटतो. चाकांमधले अंतर दोन्ही बाजूंना १०-१० सेंटिमीटरने वाढवून ११० केले, तर हाच कोन ४२ अंशांच्या पुढे जातो. उलट गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटरने खाली आणला तर तो ३९ अंशांपर्यंतच पोहोचतो. आणि ५ सेंटिमीटर खाली आणणे हे वाटते तितके सोपे नाही, हे पुढे येईलच.

मात्र ३७ हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधोमध एका पिनवर झुलता असतो. तो झुलतो म्हणूनच खाचखळग्यांत चारही चाके जमिनीला टेकून राहतात. पण त्याच कारणाने पुढची चाके उलटण्याला सुरुवातीला अडवत नाहीत. ट्रॅक्टर खऱ्या अर्थाने मागची दोन चाके आणि पुढची ती पिन अशा तीन बिंदूंवर उभा असतो. हा त्रिकोण धरून वरचाच हिशेब केला, तर कलण्याची सुरुवात ३७ ऐवजी ३१ अंशांच्या आसपास होते. त्यानंतर पुढचा ॲक्सल आपल्या अडथळ्याला जाऊन टेकतो आणि चारही चाकांचा पाया मिळतो, पण तोपर्यंत वरच्या धडाने गती घेतलेली असते आणि ती गती उरलेले पाच-सहा अंश सहज खाऊन टाकते.

आता आपल्या रानाकडे येऊ. वरच्या बाजूचे चाक १५ सेंटिमीटर उंचीच्या जांभ्या दगडावर चढले आणि त्याच क्षणी खालचे चाक १० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेले, तर ९० सेंटिमीटर रुंदीच्या ट्रॅक्टरचा कल एकदम १६ अंशांनी वाढतो. जमिनीचा मूळ उतार १५ अंश असेल तर बेरीज ३१ होते, म्हणजे बरोबर त्या कड्यावर आपण येऊन उभे राहतो. हाच ट्रॅक्टर ११० सेंटिमीटर रुंद असता, तर तोच दगड आणि तोच खड्डा १३ अंशांचीच भर घालता. त्याची कलण्याची मर्यादाही ३६ अंशांच्या पुढे गेलेली असती आणि हाताशी साताठ अंश उरले असते. रुंदी वाढवण्याचा फायदा असा दोन्ही बाजूंनी मिळतो. माझ्या मते, पैसा आणि वेळ जो काही खर्च करायचा तो आधी चाके लांब करण्यावर, म्हणजे एकमेकांपासून दूर नेण्यावर, करावा. वेट आणि पाणी यांचा क्रम त्यानंतर लागतो.

चाके लांब करण्यासाठी बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना नवीन काही विकत घ्यावे लागत नाही. मागच्या चाकाची डिस्क (मधली तबकडी) आणि रिम (टायर बसते ती कडी) हे दोन भाग वेगळे असतात. डिस्क उलटी बसवून, रिम डिस्कच्या आत किंवा बाहेर घेऊन चाकांमधले अंतर टप्प्याटप्प्याने बदलता येते. कोणत्या जोडणीला किती अंतर येते याची आकृती ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते. एक काळजी घ्यावी. चाक त्याच बाजूला उलटे फिरवून बसवले, तर टायरच्या खोबणींची दिशा उलटी होते आणि चिखलात पकड जाते; म्हणून डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे असे घ्यावे लागते. नट पाना लावून घट्ट केल्यावर दोन-तीन तास काम करून पुन्हा एकदा आवळावेत, कारण रंगाचा थर दबला की नट सैल होतात. दोनच चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरात पुढचा ॲक्सलही खेचून लांब करता येतो. आपला चारचाकी ओढीचा असल्याने पुढची रुंदी बहुधा ठरलेलीच असेल. त्याने बिघडत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे आडव्या स्थैर्याचा खरा पाया मागच्या चाकांत आहे.

टायरमध्ये पाणी भरण्याबद्दल. व्हॉल्व्ह वरच्या टोकाला ठेवून, व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत म्हणजे साधारण तीन चतुर्थांश पाणी भरावे आणि वरच्या पोकळीत हवा भरून दाब पूर्ववत करावा, ही पद्धत आपल्याकडच्या पंक्चर काढणाऱ्यांनाही माहीत असते. थंड प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. कोल्हापुरात त्याची गरज नाही, आणि घातले तर रिम गंजते ती वेगळीच. या मापाच्या मागच्या टायरमध्ये प्रत्येकी सुमारे ५० लिटर पाणी मावते, म्हणजे दोन्ही मिळून १०० किलो. ८०० किलोच्या ट्रॅक्टरात हे वजन ४० सेंटिमीटर उंचीवर आले, तर एकंदर गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटरच खाली येतो आणि उलटण्याचा कोन जेमतेम एका अंशाने वाढतो. पाण्याचा खरा उपयोग पकडीसाठी आहे : ओल्या गवतावर मागची चाके घसरत नाहीत, नांगर ओढताना फिरत नाहीत. उतारावर घसरणे हाही धोकाच असतो, कारण आडवा घसरणारा ट्रॅक्टर एखाद्या दगडाला किंवा बांधाला अडला की तिथेच उलटतो. म्हणून पाणी जरूर भरावे. त्याने स्थैर्याचा प्रश्न सुटला असे मात्र समजू नये. आणि केवळ वरच्या बाजूच्या चाकात पाणी भरण्याची कल्पना सोडून द्यावी, कारण पुढच्याच ओळीला परत फिरल्यावर तेच चाक खालच्या बाजूला येते.

पुढच्या वेटचे काम निराळे आहे. ते आडव्या उलटण्यापासून वाचवत नाहीत, तर चढावर पुढची चाके उचलण्यापासून वाचवतात. मागे रोटाव्हेटर जोडला की पुढचा भार कमी होतो. अवजार उचललेले असतानाही एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. हे तपासण्यासाठी गावाजवळच्या वजनकाट्यावर आधी पूर्ण ट्रॅक्टर आणि मग फक्त पुढची चाके अशी दोनदा वजने करून घ्यावीत. ओतीव लोखंडाचे वेट कंपनीकडून मिळतात, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत तसेच ओतूनही घेता येतात. बोल्ट मात्र योग्य ताकदीचे हवेत, आणि वेट जितके खाली बसतील तितके चांगले.

अवजाराबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०० किलोचा रोटाव्हेटर हायड्रोलिकवर आणखी ४० सेंटिमीटर वर उचलला, तर ट्रॅक्टर आणि अवजार मिळून गुरुत्वमध्य सुमारे ८ सेंटिमीटरने वर जातो. टायरमध्ये पाणी भरून कमावलेले दोन सेंटिमीटर आपण एका लिव्हरने चारपट करून गमावतो. म्हणून उतारावर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जाताना अवजार जमिनीपासून वीतभर उंच राहील एवढेच उचलावे.

नांगरटीत तर उताराचा उपयोगही करून घेता येतो. पल्टी नांगर, म्हणजे दोन्ही बाजूंना माती फेकू शकणारा नांगर, असेल तर तासाची (नांगराने पाडलेल्या चरीची) माती वरच्या अंगाला उलटत जावी. नांगर ज्या बाजूला माती फेकतो, त्याच बाजूचे चाक आधीच्या तासात चालते. माती वर फेकली की वरचे चाक तासात उतरते आणि ट्रॅक्टर सरळ होतो. तास १५ सेंटिमीटर खोल असेल तर ९० सेंटिमीटरच्या ट्रॅक्टरचा कल साडेनऊ अंशांनी कमी होतो. माती खालच्या अंगाला फेकली तर खालचे चाक तासात जाते आणि तेवढाच कल वाढतो. एकाच रानात, एकाच ट्रॅक्टरवर, फक्त नांगर कोणत्या बाजूला पलटला यावर १९ अंशांचा फरक पडतो, आणि हा फरक पाण्याने, वेटने किंवा रुंदीनेही भरून निघणारा नाही. वरच्या अंगाला माती फेकायची तर काम रानाच्या माथ्यावरून सुरू करून खाली उतरत यावे लागते. ओढ थोडी जास्त लागते आणि तीव्र उतारावर काही ढेकळे परत तासात घरंगळतात, हे खरे. पण दर पावसात खाली वाहणारी माती वर्षातून एकदा तरी वर चढते, हा लाभ त्यापेक्षा मोठा आहे.

शेवटी उतार मोजण्याविषयी, कारण डोळ्याचा अंदाज नेहमी चुकतो. एक मीटर लांबीची सरळ फळी आणि गवंड्याची लेव्हल घ्यावी. फळीचे एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवून, दुसरे टोक लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचलावे आणि त्या टोकाखालची उंची टेपने मोजावी. साडेसतरा सेंटिमीटर आली तर उतार १० अंश, २७ आली तर १५ अंश आणि ३६ आली तर २० अंश. रानात जिथे उतार सर्वात जास्त वाटतो तिथे मोजावे, सरासरी काढू नये. अरुंद, तीन फुटी ट्रॅक्टर १० अंशांपुढच्या उतारावर आडवा चालवू नये असे माझे मत आहे. चाके लांब केलेला ट्रॅक्टर, रान कोरडे आणि दगड वेचलेले असतील, तर १५ अंशांपर्यंत. त्यापुढे उताराच्या दिशेने उभेच चालावे किंवा ते रान बैलांकडे आणि पॉवर टिलरकडे सोपवावे. पुस्तिकेत कंपनीने याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी.

प्रश्न : चाके लांब केली तर उसाच्या सरीत ट्रॅक्टर बसणार नाही. माझी सरी साडेचार फुटांची आहे. रिम न बदलता, मध्ये स्पेसर टाकून किंवा लोखंडी केज व्हील लावून उतारापुरती रुंदी वाढवता येईल का? (करवीर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आपली अडचण रास्त आहे, आणि छोटा ट्रॅक्टर लोक मुळात अरुंद असल्यामुळेच घेतात. साडेचार फूट म्हणजे १३७ सेंटिमीटर. चाकांमधले अंतर ९० आणि टायरची रुंदी २१ धरली, तर ट्रॅक्टर बाहेरून बाहेर १११ सेंटिमीटर होतो आणि दोन्ही बाजूंना मिळून २६ सेंटिमीटर मोकळे राहतात. अंतर ११० केले तर तो १३१ सेंटिमीटर होतो आणि दोन्हीकडे मिळून सहाच सेंटिमीटर उरतात. कोवळ्या उसाच्या बुंध्याला चाक घासणारच. पाच फुटी सरीत मात्र ही रुंदी खपून जाते, कारण तिथे २१ सेंटिमीटर सुटतात. ज्यांची नवी लावण व्हायची आहे त्यांनी सरीचे अंतर ठरवताना ट्रॅक्टरची उतारावरची रुंदीही विचारात घ्यावी. साडेतीन फुटी जुन्या सरीत यांपैकी कोणताच ट्रॅक्टर जात नाही.

स्पेसरबद्दल मी जपून बोलेन. चाक बाहेर गेले की ॲक्सलच्या बेअरिंगवरचा ताण वाढतो. डिस्क उलटी केल्यावरही तो वाढतो, पण ती मुभा कंपनीने आराखड्यातच गृहीत धरलेली असते. लेथवर करून घेतलेल्या स्पेसरला तो हिशेब नसतो. त्यातही बहुतेक वेळा मूळचेच बोल्ट वापरले जातात आणि ते स्पेसरच्या जाडीमुळे नटात दोन-तीन आटेच पकडतात. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला स्पेसर, त्याच्याच लांब बोल्टांसह मिळत असेल तर लावावा, एरवी नाही.

केज व्हील भाताच्या चिखलणीसाठी असते. ते बाहेरून जोडल्यावर रुंदी वाढते हे बरोबर आहे, पण कठीण माळरानावर टायरपेक्षा व्यास कमी असल्यामुळे ते जमिनीला टेकतच नाही. टेकत नाही तोवर स्थैर्यात त्याची काहीच मदत नाही. आडवे कलल्यावर ते टेकेल हा तर्क ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात ते टेकेपर्यंत ट्रॅक्टरने गती घेतलेली असते.

माझा सल्ला असा की हंगामाप्रमाणे चाके बदलावीत. उसाची भरणी उरकली की एक दुपार मोडून डिस्क उलट्या बसवाव्यात आणि वरच्या रानाची कामे संपेपर्यंत तशाच ठेवाव्यात. दोन माणसे, एक भक्कम जॅक आणि सपाट जागा एवढे पुरते. ज्यांना दर आठवड्याला खाली-वर करावे लागते त्यांच्यासाठी हा उपाय त्रासाचा आहे हे मान्य. त्यांनी वरच्या रानात आडवे चालणे टाळून चढ-उताराच्या दिशेने काम आखावे.

प्रश्न : राधानगरी तालुक्यात माझे रान डोंगराच्या कुशीत आहे. छोट्या ट्रॅक्टरला शेणखताची ट्रॉली जोडून वर नेतो आणि रिकामी किंवा भाताच्या पेंढ्या भरून खाली आणतो. चढताना पुढची चाके उचलल्यासारखी होतात, उतरताना ट्रॉली ढकलते. काय खबरदारी घ्यावी?

उत्तर : आपण दोन वेगळे धोके एकत्र सांगितले आहेत, आणि दोन्ही आडव्या उलटण्यापेक्षा वेगाने घडतात.

चढताना ट्रॅक्टर मागे उलटण्याचे कारण असे, की इंजिन मागच्या ॲक्सलला फिरवते. चाके फिरू शकली नाहीत, तर ॲक्सलभोवती ट्रॅक्टरचे धडच वर उचलले जाते. ट्रॉली खालच्या ड्रॉबारला (मागच्या ओढदांड्याला) जोडलेली असेल तर तिची ओढ ॲक्सलच्या खालून लागते आणि पुढची चाके जमिनीला टेकून राहण्यास मदत होते. तीच ट्रॉली किंवा ओढायची साखळी टॉपलिंकला (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याला), सीटमागच्या एखाद्या कडीला किंवा ॲक्सललाच बांधली, तर ओढ वरून लागते आणि ट्रॅक्टर मागे कोलमडतो. हे सारे दीड-दोन सेकंदांत घडते. क्लच दाबायचे सुचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून ओढायचे ते फक्त ड्रॉबारनेच. चाके चिखलात रुतली की मागच्या दोन्ही चाकांना आडवे लाकूड बांधून गाडी काढण्याची जी रीत आहे, ती तर ताबडतोब बंद करावी, कारण लाकूड अडले की चाके थांबतात आणि ट्रॅक्टर उचलतो. रुतलेला ट्रॅक्टर मागे घेऊन काढावा, नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावा. ट्रॉलीशिवाय चढायचे असेल आणि चढ तीव्र असेल, तर रिव्हर्समध्ये चढावे आणि सरळ उतरावे. जड बाजू नेहमी चढाकडे राहते.

उतरतानाचा हिशेब मी आकड्यांत मांडतो, कारण तो पाहिल्याशिवाय कोणी ट्रॉली कमी भरत नाही. १० अंशांच्या उतारावर २,००० किलोची भरलेली ट्रॉली सुमारे ३५० किलोच्या जोराने खाली ढकलते आणि ८०० किलोचा ट्रॅक्टर स्वतःच १४० किलोंनी खाली ओढला जातो. एकूण ४९० किलो. छोट्या ट्रॅक्टरांत ब्रेक सहसा मागच्याच चाकांना असतात. त्यांवर ५०० किलो भार आहे आणि कच्च्या, मुरमाड वाटेची पकड निम्मी आहे असे धरले, तर ब्रेक पूर्ण दाबले तरी २५० किलोंचाच जोर अडतो. ट्रॉलीच्या दांड्यावरून हुकावर येणारा भार थोडी मदत करतो, पण तूट भरून काढत नाही. चारही चाकांची ओढ चालू असेल तर ब्रेकचा जोर पुढच्या चाकांतूनही जमिनीवर उतरतो आणि पकड ४०० किलोंपर्यंत जाते; म्हणून उतरताना फोर व्हील नेहमी चालू ठेवावे. तरीही ४०० हे ४९० पेक्षा कमीच आहेत. अशा वेळी चाके बंद पडून ट्रॅक्टर घसरत जातो, ट्रॉली बाजूला वळते आणि ट्रॅक्टरला आडवे करून उलटवते. ब्रेक नसलेली ट्रॉली भरून तिचे एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनाएवढे होईल इथवरच उतारावर भरावी, असे मी सुचवतो. दोन खेपा जास्त होतील.

चालवताना पाळायच्या गोष्टी थोडक्यात : उतार सुरू होण्यापूर्वीच लहान गिअर टाकावा, मधेच बदलू नये, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरू नये, डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी लावलेली असावी, कारण एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो, आणि डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला लावणारी कळ) लावून वळण घेऊ नये. वळणांबद्दल एवढे सांगतो की वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ८ किलोमीटर वेगाने हा जोर ७ अंशांच्या उताराएवढा असतो. ताशी १६ किलोमीटरला तो २६ अंशांच्याही पुढे जातो. सपाट रस्त्यावरही छोटे ट्रॅक्टर उलटतात ते यामुळेच.

प्रश्न : आजरा भागात काजूच्या बागेत फवारणीसाठी ट्रॅक्टरमागे टाकी बसवली आहे. टाकी अर्धी झाल्यावर ट्रॅक्टर जास्त डुलतो असे वाटते. वाटते की खरेच?

उत्तर : खरेच डुलतो. भरलेल्या टाकीतले पाणी हलत नाही. अर्ध्या टाकीतले पाणी उताराच्या अंगाला धावते आणि वळताना तर लाटेसारखे आदळते. आतमध्ये आडवे पडदे असलेली टाकी घ्यावी, ती शक्य तितकी खाली आणि ॲक्सलच्या जवळ बसवावी आणि सर्वात उताराच्या ओळी भरल्या टाकीने किंवा अगदी शेवटच्या पाण्याने फवाराव्यात. टप्प्यांच्या बागेत बांधाच्या काठाकडे विशेष लक्ष द्यावे. ताल, म्हणजे टप्प्याची उभी कड, जितकी उंच, तितके तरी अंतर काठापासून सोडावे. पाच फुटी ताल असेल तर चाक पाच फूट आत. पावसाळ्यात लाल माती भिजून काठ आतून पोकळ होतो आणि वरून तो शाबूत दिसतो, म्हणून तेव्हा याहूनही जास्त.

प्रश्न : ट्रॅक्टरला हूड बसवले आहे. लोखंडी पाइपचे, चांगले भक्कम आहे. उलटल्यास त्याने जीव वाचेल का? नाही तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून आणखी जाड पाइप लावून घेऊ का? (शाहूवाडी)

उत्तर : हूड उन्हापावसासाठी आहे. ट्रॅक्टर उलटताना त्याचे सगळे वजन एका क्षणात त्या चौकटीवर येते आणि ती ॲक्सलशी ज्या बोल्टांनी जोडलेली असते तेच आधी तुटतात. शिवाय जाड पाइपचे हूड डोक्यावर चाळीस-पन्नास किलो चढवते, म्हणजे गुरुत्वमध्य वर नेते. संरक्षक चौकट, जिला रोल बार म्हणतात, ती चाचणीयंत्रावर दाबून, ठरलेल्या मर्यादेपर्यंत वाकून, पण तुटून न पडता भार झेलते की नाही हे तपासून बनवलेली असते. वेल्डिंग केलेला सांधा नेमका कुठे ठिसूळ झाला हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ही एक वस्तू घरी किंवा गावात करून घेऊ नये. आपल्या मॉडेलसाठी कंपनीचा रोल बार मिळतो का ते विक्रेत्याकडे लेखी विचारावे. नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी तो असलेलेच मॉडेल घ्यावे; आणि मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्यांचे जे अहवाल काढते, त्यांत गुरुत्वमध्याची उंचीही नोंदवलेली असते, तो आकडा दोन मॉडेलांची तुलना करताना पाहावा. स्वीडनमध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट १९५९ पासून सक्तीची झाली आणि उलटण्याने होणारे मृत्यू तिथे पुढच्या काळात फार मोठ्या प्रमाणात घटले.

रोल बार असेल तरच सीट बेल्ट लावावा, आणि असेल तर नेहमी लावावा. चौकट चालकाभोवती जागा राखून ठेवते. बेल्ट त्याला त्या जागेत धरून ठेवतो. बेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच चौकटीखाली येतो. उलट, रोल बार नसताना किंवा झाडांच्या फांद्यांमुळे तो दुमडून ठेवलेला असताना बेल्ट लावू नये. मडगार्डवर बसलेल्या माणसाला मात्र या दोहोंपैकी कशाचेच संरक्षण नसते. उतारावरच्या रानात जाताना मुलांना किंवा मजुरांना मडगार्डवर बसवून नेण्याची पद्धत सर्रास दिसते. ते माणसाचे वजन नेमके उंच आणि कडेला येते, आणि एका दगडाच्या धक्क्याने ते मागच्या चाकाखाली जाते. त्यांनी चालत यावे.